लायब्ररीचा क्रमांक आणि ‘ळ’ची जागा

वेब सर्व्हरवर लायब्ररी फाइल न जुळण्याचा दोष कधी ठणकावून सांगतो. प्रोग्राम सुरूच होत नाही आणि न सापडलेल्या फाइलचे नाव पडद्यावर येते. कधी मात्र साइट बिनबोभाट चालू राहते आणि आतले एखादे काम बिघडलेले असते. मराठी साइटला हा दुसरा प्रकार अधिक छळतो. भाषेनुसार अनुक्रम लावणे, तारखा लिहिणे ही कामे आयसीयू नावाची लायब्ररी करते आणि पीएचपी ती ‘इंटल’ या एक्स्टेन्शनमार्फत वापरते.

गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. तिथल्या महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी देणगीदारांची यादी दाखवणारी एक साइट कल्पून पाहावी. सर्व्हर उबुंटू 20.04 वरून 22.04 वर नेला की आयसीयू 66 जाऊन 70 येते. हाताने कंपाइल करून बसवलेली इंटल मात्र 66 चीच फाइल मागत राहते. ती उघडत नाही, लॉगमध्ये एक इशारा पडतो आणि पीएचपी पुढे चालू लागते. कोड लिहिणाऱ्याने ‘इंटल नसेल तर साधे सॉर्ट’ अशी सोय ठेवलेली असेल, तर पडद्यावर काहीच दिसत नाही. ही सोय चांगल्या हेतूने केलेली असते, पण दोष झाकण्याचे काम तीच करते.

युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे साध्या सॉर्टने ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी लागतात आणि ‘क्षीरसागर’ शेवटी न जाता ‘क’च्या घोळक्यात सापडतात. गडचिरोलीच्या बाराही तालुक्यांच्या नावांत ‘ळ’, ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ नाही, त्यामुळे अहेरीपासून सिरोंचापर्यंतची यादी दोन्ही रीतींनी सारखीच लागते. तालुक्यांच्या नावांवर चाचणी घेणाऱ्याला सगळे ठीकच दिसेल.

तपास लॉगपासून सुरू करावा. त्यानंतर ‘एलडीडी’ ही आज्ञा इंटलच्या फाइलवर चालवावी. पीएचपीच्या मुख्य फाइलवर चालवून उपयोग नाही, कारण एक्स्टेन्शन मागाहून उघडले जाते. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ येते, तीच हरवलेली फाइल. कमांड लाइनचे पीएचपी आणि वेबसाठीचे एफपीएम यांच्या सेटिंग फाइली वेगळ्या असू शकतात. म्हणून टर्मिनलवर इंटल चालते याचा अर्थ ती ब्राउझरमधूनही चालते असा होत नाही.

इथे एक उपाय हमखास सुचतो: 70 च्या फाइलला 66 चे नाव देणारी सिमलिंक करून टाकावी. फाइल मग सापडते, पण लगेच ‘अनडिफाइन्ड सिम्बल’ अशी तक्रार येते. आयसीयूच्या फंक्शनच्या नावातच शेवटी आवृत्तीचा आकडा जोडलेला असतो. इंटल 66 शेपटीचे फंक्शन मागते आणि नव्या फाइलमध्ये 70 शेपटीचे असते. फाइलचे नाव बदलून आतली नावे बदलत नाहीत. जुने पॅकेज आणून शेजारी ठेवले तर काम भागते, पण त्याला सुरक्षेची दुरुस्ती कोण पुरवणार?

सरळ मार्ग म्हणजे नव्या आयसीयूवर इंटल पुन्हा कंपाइल करणे. त्या वेळी पीएचपीचा मॉड्यूल एपीआय क्रमांकही जुळावा लागतो. 7.4 साठी तो 20190902 आहे, 8.0 साठी 20200930. हे काम त्याच सर्व्हरवर किंवा त्याच आवृत्तीच्या यंत्रावर करावे. जीलिबसी म्हणजे सी भाषेची पायाभूत लायब्ररी; जुन्या जीलिबसीवर बनलेले सहसा नव्यावर चालते, पण नव्यावर बनलेले जुन्यावर अनेकदा अडते. उबुंटू 20.04 मध्ये जीलिबसी 2.31 आहे आणि 22.04 मध्ये 2.35.

आणखी एक गोष्ट राहते. चालू असलेली प्रक्रिया डिस्कवरून काढून टाकलेली लायब्ररीही मेमरीत धरून ठेवते. म्हणून अपग्रेडनंतर रीस्टार्ट होईपर्यंत साइट अगदी निरोगी वाटते. मग कधीतरी वीज जाते, सर्व्हर पुन्हा उठतो आणि दोष उघडा पडतो, तोवर अपग्रेड कोणाच्या ध्यानातही नसते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ या आज्ञेच्या यादीत अशा फाइलींपुढे ‘डीईएल’ असे लिहिलेले दिसते. तेव्हा एफपीएम मुद्दाम रीस्टार्ट करावे आणि ब्राउझरमध्ये कासारांच्या खाली काळे आले का ते पाहावे.