घुटीची सहाण आणि कॅमोमाइलची पुडी

जळगाव जामोदकडच्या आमच्या घरी लेक बाळंतपणाला आली की आजी आधी सहाण घासूनपुसून ठेवायची. मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड. एकेक घेऊन ती बाळाच्या घुटीसाठी आईच्या दुधात उगाळायची. माप वळशांचं. जायफळ झोप आणतं म्हणून त्याचा अर्धाच, पोटात मुरडा असेल तर मुरडशेंगेचा एखादा जास्त. "हिरड्याचे दोनच वयसे घेजो माय, तिसरा नोको," असं ती आईला बजावायची, कारण हिरड्यानं पोट ढळतं. पण त्याआधी ती बाळाची शी पाहायची, पोटावर बोटं टेकवून पाहायची. कोणती काडी उचलायची ते त्यावर ठरे.

मुरडशेंग आमच्या सातपुड्याचीच. पावसाळ्यात तांबडी फुलं, मग दोरीसारखी पीळ घातलेली शेंग. पाड्यांवरच्या बाया ती बाजारात विकायला आणायच्या.

आता खामगाव-बुलढाण्यातही कॅमोमाइलच्या चहाची पुडी घरपोच येते. हे फूल मला परकं वाटत नाही. युरोपातल्या आज्यांनी पोटदुखीला, झोपेला, दात येताना किरकिरणाऱ्या पोरांना तेच दिलं. युनानीत ते बाबूना, होमिओपॅथीच्या साखरगोळ्यांत कॅमोमिला. फुलांवर उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, नाहीतर त्यातलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. ऊर्ध्वपातनानं काढलेलं हे तेल चक्क निळं असतं! मात्र हे शेवंतीच्या कुळातलं, गाजरगवतही त्याच कुळातलं. ज्यांना गाजरगवतानं खाज सुटते त्यांनी जपून घ्यावं.

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टर सांगतात आणि ते मला मनापासून पटतं. वेखंडातल्या असारोन या घटकामुळे अमेरिकेनं ते 1968 मध्ये खाद्यपदार्थांतून बाद केलं. आमच्या नातवाला घुटी दिली नाही. जीव हळहळतो तो आजीच्या पाहण्यासाठी. पुडीवर सगळ्यांना एकच माप छापलेलं असतं. बाळ कुठल्या कुशीवर वळून रडतंय, हे पुडीला कसं कळावं?

ओव्याची पुरचुंडी मात्र आम्ही सोडलेली नाही. तव्यावर कोमट करायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहायची, मग बाळाच्या पोटाला हलकेच शेक द्यायचा. सुनेला हे मी हात धरून शिकवलंय, आणि रडणं थांबलं नाही तर ओवा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा, हेही.