नवव्या महिन्यातली कावीळ

मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवरची ती सून. पहिलंच बाळंतपण, नववा महिना लागलेला. अन्नाचा घास टिकेना, कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागेना. सासू म्हणाली, "पित्त झालंय, लिंबू घे." नवव्या महिन्यात उलट्या नव्याने सुरू झाल्या तर आधी रक्त तपासायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग डोळे पिवळे झाले. घरच्यांनी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवली. माळ वाढत खाली उतरली की कावीळ उतरते, हा आपल्याकडचा जुना समज. आशाताईंनी मात्र एकदा डोळ्यांत पाहिलं आणि गाडी बोलावली.

मुखेडला तपासलं तर साखर खूप खाली गेलेली. तिथून नांदेड. वाटेत ती असंबद्ध बोलू लागली.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजच मोकळी करावी लागेल." सासू कळवळली, "बाई, आधी कावीळ तर उतरू द्या!"

"आई, बाळ बाहेर आल्याशिवाय ही कावीळ उतरणारच नाही."

सासूला हे पटायला जड गेलं, आणि त्यात नवल नाही. या आजारात यकृताच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब साचतात. साखरेचा साठा संपतो, रक्त गोठेनासं होतं, अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. काही वेळा मूळ बाळात असतं: चरबी जाळणारं एक एन्झाइम त्याच्यात नसतं आणि न जळलेली चरबी वारेतून आईच्या रक्तात उतरते. साधारण सात ते वीस हजार गरोदरपणांत एखादीला हा आजार होतो. १९४० साली शीहान यांनी तो इतर काविळींपासून वेगळा दाखवला, तेव्हा बहुतेक आया दगावत. आज बहुतेक वाचतात, कारण प्रसूती लांबवली जात नाही. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळही गरोदर बाईच्या जिवावर उठते, म्हणून तीही तपासावी लागते. तिची तपासणी निगेटिव्ह आली.

रक्त गोठत नव्हतं, तेव्हा सिझेरियनआधी प्लाझ्मा चढवला. बदल्यात नवऱ्याच्या मित्रांनी रक्तपेढीत जाऊन रक्त दिलं. मुलगा झाला. तिची कावीळ त्यानंतरही आणखी वाढली, लघवी कमी झाली, आयसीयूबाहेर सासूचा डोळा लागला नाही. मग हळूहळू साखर स्थिर राहू लागली, तिने स्वतःहून बाळ मागितलं. वेळेत सुटका झाली तर हे यकृत पूर्ववत होतं, तसं तिचंही झालं.

बाळाला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही आणि त्याची एन्झाइमची तपासणी करून घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं. पुन्हा दिवस राहिले तर आजार उलटू शकतो, म्हणून पुढच्या वेळी पहिल्या महिन्यापासून नाव नांदेडलाच घालायचं, हे सासूनेच ठरवून टाकलं आहे.