प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं

आजीचं नाव लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. बुटीबोरीच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका गावाच्या उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावातले बरेच लोक कंपन्यांमध्ये पाळीनं कामाला जातात. बाहेरून आलेल्या कामगारांना भाड्यानं खोल्या लागतात, त्यामुळे गावठाणातल्या घरांनाही भाव आला आहे. ज्यांची शेती एमआयडीसीत गेली, ती पिढी आता थकली. मोबदला कधीच संपला. राहिलं ते घर, आणि सगळ्यांचा डोळा त्या घरावर.

आजी बीपीच्या गोळ्या न्यायला यायची. बीपी काही केल्या उतरेना. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलून औषध वाढवलं, तरी तेच. एकदा पट्टा बांधायला मी तिची बाही वर सरकवली, तर दंडाच्या आतल्या बाजूला चार निळसर डाग एका ओळीत, आणि बाहेरच्या बाजूला एक. पडलेल्या माणसाला कोपराला लागतं, गुडघ्याला लागतं, मनगटाला लागतं. दंड आवळून ओढला तर बोटं अशी उमटतात.

"पडली मी, माय," ती म्हणाली आणि दाराकडे पाहिलं. दारात मुलगा गाडी चालूच ठेवून उभा होता. त्याच्यासमोर मी काही विचारलं नाही. तसं विचारलं की रात्री ते म्हाताऱ्या माणसालाच भोवतं.

दुसऱ्या दिवशी आशाताईला विचारलं. तिला माहीत होतं की आजीच्या गोळ्या सुनेच्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली मुलाच्या खिशात. बँकमित्राला माहीत होतं की श्रावणबाळ योजनेचे दीड हजार जमा झाले की मुलगा आईला गाडीवर बसवून आणतो, तिचा अंगठा लावतो आणि पैसे स्वतःच उचलतो. ग्रामसेवकाला माहीत होतं की घराचं बक्षीसपत्र होऊन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मुलाचं नाव चढलं आहे. शेजाऱ्यांनी एका रात्री ११२ ला फोन केला होता, पोलिसांची गाडी आली होती, आणि "घरगुती मामला आहे" असं ऐकून परत गेली होती. प्रत्येकाच्या रजिस्टरला आपापली नोंद होती. मारहाण, पैसे, घर आणि औषध हे चारही धागे एकाच बाईच्या गळ्याशी येतात, हे कोणत्याच रजिस्टरला दिसत नव्हतं.

साठीपुढच्यांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना मदत लागते का, नावं विसरता का, असे प्रश्न आहेत. घरात कोणाचा धाक वाटतो का, हा प्रश्न त्यात नाही.

या सगळ्यांना एकत्र बोलवायच्या आधी आजीला एकटीला गाठणं भाग होतं. रक्त तपासायच्या निमित्तानं आम्ही तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, मुलगा पाळीवर असताना. तिथल्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी दार लावून तिला तपासलं आणि प्रत्येक डागाची जागा, रंग, माप कागदावर घेतलं. मग नुसतं विचारलं, "आजी, तुम्हाला काय व्हावं असं वाटतं?"

आजी बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "पोट्ट्याले पोलिसात नका देऊ. माह्या गोळ्या अन् माहे पैसे माह्या हाती पायजेत. अन् घर सोडून मी कुठंच जात नाई."

या तीन वाक्यांनी पुढचं सगळं ठरवलं. तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात वृद्धाश्रम होता. आजीला तिथे पोचवलं असतं तर आम्हाला सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि मुलाला घर मोकळं मिळालं असतं.

डॉक्टर बाईंनी बैठक बोलावली. बीट अंमलदार आले, ग्रामसेवक आले, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काम करणाऱ्या संरक्षण अधिकारी आल्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची एक पॅरालीगल स्वयंसेविका आली. आजीला कोणीतरी बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. डॉक्टर बाई उठल्या, स्वतः खुर्ची आत आणली आणि टेबलापाशी ठेवली. आजी आत येऊन बसली तशी बोलण्याची तऱ्हाच बदलली. "त्या म्हातारीचं काय करायचं" असं कोणाच्या तोंडून येईना. प्रत्येक जण तिच्याकडे पाहून बोलू लागला.

मुलगा गावभर सांगत होता की आई भ्रमिष्ट झाली आहे. म्हणून बैठकीआधीच तिला नागपूरला मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवून आणलं होतं. तारीख, वार, पैशाचा हिशेब, घरातली माणसं, सगळं तिनं नीट सांगितलं. तो कागद पुढे फार उपयोगी पडला. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं एकदा ठरलं, त्याचं म्हणणं मग कोणीच लिहून घेत नाही.

मारहाणीबाबत अंमलदारांनी सरळ सांगितलं, एवढ्या मारावर अदखलपात्र नोंद होते, तपासाला न्यायालयाची परवानगी लागते. पण ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या नियमांत पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्यादुकट्यांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा सामाजिक कार्यकर्त्याला सोबत घेऊन भेट द्यायची, असं आहे. आजीचं नाव त्या यादीत घेतो, असं ते म्हणाले. आजीला मुलगा आत जायला नको होता, पण खाकी वर्दीतला माणूस महिन्याला दारात येऊन "आजी, बरं हाये ना?" विचारणार, हे तिला चाललं.

बँकेचं जरा वेगळं होतं. खात्याची माहिती आम्हाला देता येत नाही, असं शाखेतून सांगण्यात आलं, आणि ते बरोबरच होतं. मग आशाताई आजीला घेऊन गेली. आजीनं स्वतः पासबुक भरून मागितलं, एटीएम कार्ड बंद करायचा अर्ज दिला, आणि यापुढे पैसे काउंटरवर स्वतःच्या हातानं घेईन असं सांगितलं. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली बँकांना कळवलेलं आहे. ते त्याच काउंटरवर आम्हाला कळलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. बैठकीनंतर कोणीतरी उत्साहानं व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि आजीच्या दंडाचा फोटो टाकला. डॉक्टर बाईंनी तो तिथल्या तिथे काढायला लावला, ग्रुपही बंद केला. गाव लहान आहे. फोटो मुलापर्यंत जायला संध्याकाळ पुरे झाली असती. त्याऐवजी एका कागदावर कोण काय करणार आणि कधीपर्यंत, एवढंच लिहिलं. तो कागद आरोग्य केंद्राच्या कपाटात कुलपात राहिला. ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याला सांगायचं, हे आम्ही त्या दिवसापासून पाळतो.

घराचा प्रश्न २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानं सुटला. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण असतं. निर्वाह भत्त्याचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा आणि फार तर आणखी ३० दिवस घ्यायचे, असं कायदा सांगतो. १७ व्या कलमानं तिथे वकील उभा करता येत नाही. म्हणून विधी सेवेच्या वकील बाईंनी मागे राहून अर्ज तयार करून दिला, फुकट. स्त्रियांना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते. बक्षीसपत्र वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. घर देणारीचा हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर, असं त्यात लिहिलेलं होतं. २३ व्या कलमानुसार अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करता येतं. अशी अट असल्याचं दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली म्हटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा असंही सांगितलं. आजीच्या बाबतीत दस्त लिहिणाऱ्यानं ती ओळ घातली, हे तिचं नशीब. माझं कळकळीचं सांगणं आहे, घर पोरांच्या नावावर करणाऱ्या प्रत्येकानं ही ओळ मागून घ्यावी.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. ती सांगते, तिकडे २०१४ च्या केअर ॲक्टनं प्रत्येक स्थानिक प्रशासनाला असं मंडळ ठेवावंच लागतं, ज्यात पोलीस आणि आरोग्य विभाग एका टेबलाला बसतात. आपल्याकडे कायदे आहेत, माणसं आहेत, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही आहे. ते टेबल मात्र कोणीतरी स्वतःहून मांडावं लागतं. डॉक्टर बाईंनी मांडलं नसतं तर मी आणखी एकदा बीपी लिहून घेतलं असतं.

न्यायाधिकरणाचा निकाल आजीच्या बाजूनं लागला. नमुना ८ वर आजीचं नाव परत आलं. मुलगा रागानं बुटीबोरीत खोली घेऊन राहायला गेला. सून मात्र गेली नाही. संरक्षण अधिकारी बाईंनी पहिल्याच भेटीत तिच्या हातावरचे व्रण पाहिले होते आणि तिच्याशीही एकटीशी बोलल्या होत्या. आजीच्या गोळ्या ती अडवत नव्हती, नवऱ्याच्या भीतीनं काढत नव्हती. तिचा अर्ज आता वेगळा चालू आहे. सासू-सून एकाच घरात राहतात, मिठावरून भांडतात. आजीचं बीपी १४० च्या आसपास आहे.

त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न घालावा, असा अर्ज मी वर पाठवला आहे. तोवर आमची आशाताई तोंडी विचारते. घरचं माणूस पाणी आणायला आत गेलं, की हळू आवाजात: "आजी, गोळ्या कोणाजवळ असतात? निराधारचे पैसे कोणाच्या हाती येतात? रातच्याले झोप लागते का?" तिसऱ्या प्रश्नाला कोणी दाराकडे पाहिलं, तर आशाताई फॉर्मवर काही लिहीत नाही. बाहेर येऊन मला फोन करते.