उतारू

मराठीत प्रवाशाला ‘उतारू’ असाही शब्द आहे. आमच्या उर्दू शाळेत मराठीच्या तासाला तो आला की मुलं हमखास विचारतात, “मॅडम, गाडीत चढतो तो उतारू कसा?” मी सांगते, चढताना सगळे एकाच दारातून चढतात, उतरायचं ठिकाण मात्र ज्याचं त्याचं वेगळं. उर्दूत आपण मुसाफिर म्हणतो, त्या शब्दात सफर आहे. मराठी शब्दात उतरणं आहे. गेल्या हिवाळ्यात अम्मी आणि खालाला क्रूझने मुंबईहून गोव्याला न्यायचं ठरलं, तेव्हा हा शब्द मला फार उपयोगी पडला.

तिकिटं कुवेतमधल्या भावाने काढली होती. एजंटने पाठवलेल्या कागदात दोन पानं जहाजाचं वर्णन होतं. पोहण्याचा तलाव, जेवणाचे हॉल, रात्रीचे कार्यक्रम. शेवटची ओळ अशी: ‘सकाळी गोवा. प्रवास समाप्त.’ मी वाचून दाखवलं. अम्मी म्हणाली, “समाप्त कसा? आपलं घर काय गोव्याच्या बंदरावर आहे? मी नाही येत, तुम्ही जा.”

अम्मी बहात्तर वर्षांची. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतो. पण समुद्राला घाबरणारी ती नव्हे. तिचे वडील जहाजावर खलाशी होते आणि तिची आई, आमच्या नानी, मोगल लाइनच्या जहाजाने हजला गेल्या होत्या. मुंबई ते जिद्दाह हा हजचा जलमार्ग 1995 साली बंद झाला. तोवर आमच्या कोकणातली कितीतरी घरं तांदूळ, लोणचं, बिछाना बांधून मुंबईला जायची आणि तिथून जहाजात चढायची.

नानी समुद्रातल्या दिवसांबद्दल फार बोलत नसत. त्या सांगत ते जिद्दाहच्या धक्क्यावरचं. ट्रंकांच्या ढिगात आपली ट्रंक शोधायची, मुअल्लिमच्या माणसाला शोधायचं, मग बसची वाट पाहत सामानावर बसून राहायचं. जिद्दाहहून मक्का सुमारे 75 किलोमीटर, मदिना 400 किलोमीटरहून जास्त. जहाजाने हजारो मैलांचा समुद्र ओलांडून दिला, तरी उरलेली वाट नानींच्या आठवणीत मोठी होती. आता तिथे 2018 पासून हरमैन रेल्वे धावते. नानींच्या आधीच्या पिढ्या मात्र मोटारी येण्यापूर्वी उंटांवरून जात. त्याहीआधी एक टप्पा असे. जिद्दाहच्या किनाऱ्याजवळ प्रवाळाचे खडक असल्याने मोठी जहाजं दूर उभी राहत आणि हाजींना लहान होड्यांतून काठाला आणलं जाई.

कोकणच्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. हा पडावही गमतीचा शब्द. कोकणात पडाव म्हणजे होडी, उर्दूत पडाव म्हणजे मुक्कामाची जागा. एकात बसून किनारा गाठायचा, दुसऱ्यात थांबून दम घ्यायचा. वयस्कर माणसाला जहाजातून उतरल्यावर हे दोन्ही लागतात, पण एजंटच्या कागदावर दोन्ही नव्हते.

मी वही घेतली आणि शेवटाकडून सुरुवात केली. रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या उंबऱ्यापासून मागे मागे. घरी कधी पोहोचायचं? अंधार पडायच्या सुमारास, फार उशिरा नाही. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे, म्हणून मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं. मग गाडी कुठली? मडगावहून सकाळी मांडवी एक्स्प्रेस सुटते. नकाशावर पाहिलं तर मोह पडतो: जहाज सकाळी लागणार, गाडीही सकाळची. पण मोठं जहाज धक्क्याला लागलं म्हणजे माणूस उतरला असं होत नाही. मजल्यांप्रमाणे क्रम लागतो, मोठ्या बॅगा आदल्या रात्री दिलेल्या असतात, त्या खाली ओळखून घ्यायच्या असतात. मुरगाव बंदरापासून मडगाव तीसेक किलोमीटर. काठीवाल्या माणसाने या सगळ्यातून धावत गाडी पकडायची, हा बेत तरण्यांचा. मी दुपारची जनशताब्दी घेतली.

भाऊ फोनवर म्हणाला, “सरळ टॅक्सी कर ना रत्नागिरीपर्यंत.” सुमारे अडीचशे किलोमीटर. पैशांचं सोडा, वाटेत स्वच्छ शौचालय कुठे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आमच्या घरातल्या बायका प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. अम्मीने आयुष्यभर असाच प्रवास केला. खालाला तर साखरेचा आजार, तिला कोरडं ठेवून चालत नाही. रेल्वेत निदान डब्यात सोय असते. म्हणून रेल्वे.

खालाला पुढे कोल्हापूरला मुलीकडे जायचं होतं. तिच्यासाठी वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस होती. ती मडगाव, लोंढा, बेळगाव करत मिरजेला जाते. दूधसागरचा घाटही दिसला असता. पण मिरजेला पोहोचेपर्यंत रात्र, आणि तिथून पुढे कोल्हापूर. खालाला विचारलं, तर ती म्हणाली, “मला धबधबा नको, झोप हवी.” मग ती आमच्याबरोबर रत्नागिरीला आली, रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने आंबा घाटातून कोल्हापूरला गेली. नकाशावर हा वळसा दिसतो. पण मध्ये एक पडाव मिळाला, उर्दूतला.

राहिला बंदर ते मडगाव हा तुकडा. बंदर म्हणजे पहाऱ्याची जागा, बाहेरची गाडी मनात आलं म्हणून आत जात नाही. शिवाय मुंबईसारखी फोनवर टॅक्सी बोलावू, हा हिशेब गोव्यात चालत नाही. म्हणून टॅक्सीवाल्याशी दोन दिवस आधी बोलून भाडं ठरवलं. कुठल्या फाटकाशी उभा राहशील, तिथवर किती चालावं लागेल, डिकीत तीन बॅगा आणि घडीची खुर्ची मावेल का, हे विचारलं. मडगाव स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात अर्ध्या दिवसासाठी तळमजल्यावरची खोली घेतली. तिथे अम्मी आडवी झाली, खालाने सुई घेऊन वेळेवर जेवण केलं, दोघींनी निवांत जोहर पढली.

विमानाने परतणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी बंदराच्या जवळ आहे, 2023 पासून सुरू झालेलं मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात. तिकिटावर नुसतं ‘गोवा’ वाचून निघालात तर अख्खा गोवा आडवा येईल. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते पाहिल्याशिवाय बेत करू नये.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रवासाला एवढा खटाटोप? पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका “मला नाही फिरायची हौस” म्हणतात, तेव्हा हौस नसते असं नाही. उतरल्यावर आपण कुणाच्या तरी ओझ्यासारखं धक्क्यावर पडून राहू, ही धास्ती असते. ती धास्ती जहाजाची चित्रं दाखवून जात नाही. कुठे बसायचं, कुठे जायचं, कोण घ्यायला येणार, हे नावानिशी सांगितलं की जाते. अम्मीला मी वहीचं ते पान वाचून दाखवलं होतं. तिने दोनदा ऐकलं आणि मग कपाटातून शाल काढली.

जहाज कसं होतं, असं लोक विचारतात. छान होतं. पण मला लक्षात राहिलं ते जनशताब्दीतलं. कणकवली गेल्यावर अम्मीने बाटली उघडली, अर्धी संपवली आणि खालाच्या हातात देत म्हणाली, “पी गं. अजून वेळ आहे.”