बारवरच्या शेवया

आमच्या मोहल्ल्यात ‘बार’ हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो. बीअर बार, डान्स बार, परमिट रूम. रिक्षातून जाताना अशी पाटी दिसली की मान दुसरीकडे वळवायची, हे आम्हा मुलींना कुणी मुद्दाम शिकवावं लागलं नाही. त्यामुळे धाकट्या भावाने पहिल्या पगारातून मला पुण्याच्या कॅम्पातल्या नव्याने उघडलेल्या इटालियन हॉटेलात नेलं आणि दारातला मुलगा म्हणाला, “टेबलं सगळी भरलीत, बारवर दोन जागा आहेत,” तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

“आपा, वापस चलें?” भावाने विचारलं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांचे पालक याच रस्त्याने ये-जा करतात. हॉटेलची दर्शनी भिंत काचेची. काचेआड, बाटल्यांच्या रांगेपुढे, डोक्यावर ओढणी घेतलेली बाई उंच स्टुलावर बसलेली दिसली, तर शाळेच्या फाटकाशी काय चर्चा होईल हे मला ठाऊक होतं. लोकांचं एक वेळ सोडा. पण ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

म्हणून मी त्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, दारूचा परवाना अजून आलेला नाही. या बाटल्या सरबताच्या आहेत.” जवळ जाऊन पाहिलं. संत्रं, पुदिना, व्हॅनिला. खालच्या फळीवर ऑलिव्ह तेलाचे डबे आणि टोकाला कॉफीचं मशीन. आम्ही त्या टोकाला बसलो.

खुद्द इटलीत ‘बार’ म्हटलं की आधी कॉफी आठवते. माणसं सकाळी कामावर जाताना काउंटरशी उभ्याउभ्या कपभर कॉफी पितात. पुष्कळ ठिकाणी उभ्याने प्यायलेली कॉफी टेबलावरच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडते. दारूही तिथे मिळते, पण शब्दाला आपल्यासारखा अंधार चिकटलेला नाही. आणि ती ‘काफे’ तरी कुठली? अरबीतला ‘कहवा’ तुर्कीतून तिकडे पोहोचला.

काउंटरचा एक फायदा लगेच कळला. समोरच उघडं स्वयंपाकघर होतं. गढवालकडचा तरुण आचारी हाताच्या अंतरावर उभा होता. मी एकेक विचारत गेले. सलामी, बेकन कशाचं? डुकराचं. सुरी-फळी वेगळी? वेगळी, पण पिझ्झाची भट्टी एकच. पिझ्झा बाद झाला. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात, हे मी वाचलं होतं. म्हणून चीजही नको म्हटलं. शेवटी त्याने स्वतःच सुचवलं, “स्पॅगेटी आल्यो ए ओल्यो घ्या. तेल, लसूण, लाल मिरची. तुमच्यासाठी पॅन धुऊन घेतो.” लसणाची फोडणी नाकात गेली आणि घरच्यासारखं वाटलं.

खाता खाता भावाला सांगितलं, की या शेवया मार्को पोलोने चीनहून आणल्या ही नुसती दंतकथा. तो व्हेनिसला परतला 1295 मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, 1154 मध्ये, सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या दरबारात अल-इद्रीसीने आपला अरबी भूगोलग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी ‘इत्रिया’ नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर बनतात आणि मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जहाजांनी जातात, असं त्याने लिहिलं आहे. सिसिलीवर मुसलमानांची चढाई 827 मध्ये सुरू झाली आणि 1091 पर्यंत नॉर्मनांनी सगळं बेट जिंकलं होतं. राज्य गेलं, शेवया राहिल्या. भाऊ म्हणाला, “मतलब शीरखुर्मे के रिश्तेदार!”

आपल्यातले बरेचजण अशा जागी पाऊलच टाकत नाहीत. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण जे जातात, त्यांतले कितीतरी विचारायला लाजतात. समोर येईल ते डोळे मिटून खातात, नाहीतर तळलेल्या बटाट्यांवर भागवतात. याच शहरात जैन मंडळी कांदा-लसणाबद्दल मोकळेपणाने विचारतात आणि हॉटेलवाले त्यांच्यासाठी वेगळं मेनूकार्ड छापतात. मग आपलाच प्रश्न घशात का अडकतो? एका हॉटेलात मी हलालचं विचारल्यावर वेटर हसला होता. ते हसू वर्षभर माझ्या मनात राहिलं. या आचाऱ्याने मात्र उत्तरं दिली, कारण त्याला ती ठाऊक होती आणि मी विचारलं होतं.

निघताना मी त्याला सांगितलं, परवाना आल्यावर आम्ही इथे बसणार नाही. तो म्हणाला, “तेव्हा आधी फोन करा, आतलं टेबल ठेवू.” बसायचं की नाही, ते तेव्हा पाहू.

सोमवारी स्टाफरूममध्ये विषय निघालाच. कुणीतरी पाहिलं होतं. “सुना, आप बार में बैठी थीं?”

“हो,” मी म्हणाले. “काय खाल्लं, तेही विचारा.”

मधली सुट्टी त्यातच संपली. दोघींनी हॉटेलचा पत्ता लिहून घेतला. एकीने काही न बोलता डबा उघडला.