कचारगडच्या पायथ्याशी

आपल्यापैकी ज्यांचे शालेय शिक्षण जुन्या भंडारा जिल्ह्यात झाले, त्यांच्या भूगोलात कचारगड भंडाऱ्यातच असेल. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि सालेकसा तालुक्यातील ही प्रचंड नैसर्गिक गुहा तिकडे गेली. माघ पौर्णिमेला येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगोंचे स्मरण करीत शेजारच्या राज्यांतूनही भाविक डोंगर चढतात. घरात वृद्ध असतील तर आपण यात्रेबाहेरचा एखादा शनिवार निवडावा. थांबत, दम घेत चढता येते.

गेल्या कोजागिरीच्या सुमारास आम्ही पायथ्याच्या गावी, ओळखीच्या घरच्या आवारात तंबू ठोकून दोन रात्री राहिलो. सोबत 78 वर्षांचे बाबा होते. त्यांचा दमा जुना. तरुणपणी ते या गुहेत जाऊन आले होते आणि एकदा पुन्हा आत उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती कशी मोडावी, हे मला प्रवासभर सुचले नाही.

अंधाऱ्या गुहा म्हणजे वटवाघळांची घरे. त्यांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. माती पायांनी उडाली की तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे फुप्फुसांत उतरतात. निरोगी माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. परंतु वयोवृद्धांना, फुप्फुसांचा जुना विकार असणाऱ्यांना आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा संसर्ग जड जाऊ शकतो. नाकाला बांधलेला रुमाल येथे पुरेसा नाही. ताप, खोकला, छातीत दुखणे ही लक्षणे साधारण 3 ते 17 दिवसांनी दिसतात व क्षयरोगाचा भास होऊ शकतो. तेव्हा घरातील कोणी अशा गुहेत जाऊन आले असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

सकाळी हे सारे बाबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लांबून तरी दाखवशील?"

खिशात पंप, हातात काठी घेऊन आम्ही निम्मा चढ चढलो. पुढे त्यांनीच मान हलवली.

सायंकाळी धानाच्या बांध्यांवर वटवाघळे उतरली. पिकावरचे किडे टिपणारा हा प्राणी शेतकऱ्याचा सोबतीच. त्याला हुसकावू नये, हाताळू तर मुळीच नये. बाबांनी खुर्ची धानाकडे वळवून घेतली आणि जेवणाची हाक दोनदा परतवली.