वीतभर उंचीचा वसंत

डॅफोडिल म्हटले की आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसाला वर्डस्वर्थ आठवतो. त्याची कविता पुष्कळांनी पाठ केलेली असते. फूल मात्र थोड्यांनीच पाहिलेले असते. १८०२ च्या एप्रिलात अल्सवॉटर सरोवराच्या काठी त्याला आणि त्याच्या बहिणीला जी फुले दिसली ती रानटी होती आणि उंचीने वीत-दीड वीतच असावीत. आज विलायती बागांतून मिरवणारे हातभर उंचीचे, मोठ्या तोंडाचे डॅफोडिल ही माळ्यांची करामत. मूळ घराण्यात ठेंगणी मंडळीच फार!

ही मंडळी भेटायची तर मार्चअखेर लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या विस्ली येथे जावे. १९०३ पासून ही बाग रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे. तिथल्या एका उतरणीवरचे गवत दुरून नुसते पिवळसर दिसते. जवळ जाऊन उकिडवे बसलात, की ती पिवळाई म्हणजे हजारो इवले परकर आहेत हे ध्यानात येते. पाकळ्या म्हणजे नावाला सहा काड्या. सारा थाट मधल्या फुगीर घेराचा. जुन्या काळच्या मडमा कडी घालून परकर फुगवीत, त्यावरूनच इंग्रजांनी याचे नाव ठेवले आहे. मूळचे हे स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोकडचे. वसंतात ओल आणि उन्हाळ्यात कोरडेपणा, एवढीच यांची मागणी. बी गळून पडेपर्यंत त्या गवताला यंत्र लावीत नाहीत, म्हणून दरसाल नवी रोपे आपोआप उगवतात. आपल्याकडचा टापटिपीचा माळी असता तर एप्रिलातच हिरवळ भादरून मोकळा झाला असता!

याच कुळातल्या दुसऱ्या एकाची कथा तर कादंबरीत शोभावी. त्याच्या पाकळ्या चिडलेल्या घोड्याच्या कानांसारख्या पार मागे वळलेल्या असतात. सतराव्या शतकातल्या पुस्तकांत त्याचे चित्र होते, पण फूल कुणाला सापडेना. १८३७ साली विल्यम हर्बर्ट या जाणत्या धर्मोपदेशकाने असले फूल असणेच शक्य नाही, असा निकाल दिला. आणि १८८५ च्या सुमारास ते पोर्तुगालात, पोर्तो शहराजवळ, खुशाल डोलताना आढळले!

सापडले ते बरे झाले की वाईट, असा प्रश्न मला पडतो. कारण त्यानंतर हौशी लोकांसाठी अशा रानफुलांचे कांदे डोंगरांतून खणून ढिगांनी बाहेर नेले गेले. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. एवढा धीर धरायचा कुणी?

तो धीर कॉर्नवॉलच्या अ‍ॅलेक ग्रे याने धरला. त्याने ठेंगण्या डॅफोडिलांचे कितीतरी नवे प्रकार काढले. ‘तेत-आ-तेत’ हा त्यांतला सर्वांत लाडका. एकाच दांडीवर बहुधा दोन फुले, जणू डोक्याला डोके लावून कुजबुजणारी. त्याच्या एका आजोळी तो कान पाडलेला पोर्तुगीज आहे, तर दुसऱ्या बाजूने आपल्या गझलांतल्या नर्गिसचे कूळ. पुण्या-मुंबईच्या हवेत मात्र याचा टिकाव लागणे कठीण. त्याला कित्येक आठवड्यांची खरी थंडी लागते.

लंडनला फेब्रुवारीत दुकानादुकानांत याच्या कुंड्या मांडलेल्या असतात. फुले सुकली की बरेचजण कांद्यांसकट कुंडी टाकून देतात. पाने आपणहून पिवळी पडू देऊन ते कांदे अंगणात पुरले, तर पुढच्या वसंतात ती जोडी पुन्हा कुजबुजायला हजर होते.